बदला

माझ्या आईच्या तोंडी 'हायब्रीड' हा शब्द पन्नास वर्षांपासून आहे आणि तो कौतुकाचा नाही. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली आणि यथावकाश आमच्या नांदेडकडच्या शिवारांतही पोचली. पोती भरली, पण भाकरीला गावरान चव नव्हती आणि ताट बुटकं म्हणून कडबाही कमी पडायचा. शब्द ज्वारीवरून माणसांवर आला. प्रार्थनेला उभं राहून चक्कर येणारं पोर हायब्रीड, पहिल्या पावसात उखडणारा रस्ता हायब्रीड. त्यामुळे आमच्याकडे आलेली गाडी हायब्रीड आहे हे कळल्यावर आईनं फोनवर एवढंच विचारलं, "हायब्रीड हाय व्हय? मंग किती दिवस टिकायची ती?"

गाडी आम्ही घेतली नव्हती. ती वसुलीत आली. माझ्या नवऱ्याचा आणि त्याच्या मित्राचा हैदराबादेत पॅकिंगच्या मालाचा धंदा होता. अकरा वर्षं चालला आणि मग मोडला. कसा मोडला हे दोघं दोन प्रकारे सांगतात. हिशेबात आमच्या बाजूनं तेवीस लाख निघाले. मित्राकडे रोकड नव्हती, गाडी होती: २०१८ची, पांढरी, उंच, चामड्याच्या सीटांची, एका जपानी कंपनीची. नाव सांगत नाही, सांगितलं की लोक भाव विचारतात. स्टॅम्पपेपरवर किलोमीटरचा आकडा लिहिला गेला, ७१,३४०. दोघांनी सह्या केल्या आणि एकमेकांकडे न बघता चहा प्यायले.

आमच्या सोसायटीत लोकांनी पेढे मागितले. मी शब्दाला दोन रुपये दरानं औषधांच्या घड्या आणि पाण्याच्या पंपांची माहितीपत्रकं मराठीत करते, उरलेल्या वेळात तेलुगू आणि उर्दू कथा. त्या गाडीतून उतरताना माझ्या खांद्यावरची कापडी पिशवी फारच जुनी दिसायची. पण बेत सरळ होता. सहा महिने नीट ठेवायची, विकायची, आणि लेकीची बारावी झाली की तिच्या आर्किटेक्चरच्या पाच वर्षांची सोय करायची.

तिसऱ्या आठवड्यात आउटर रिंग रोडवर काचेमागे सूचना उजळली की हायब्रीड यंत्रणा तपासून घ्या. गाडी बंद पडली नाही, पण तिचा जोर गेला आणि मागच्या सीटखालून पंख्याचा घरघराट सुरू झाला. सर्व्हिस सेंटरमध्ये गळ्यात टाय बांधलेल्या मुलानं यंत्र लावलं, दोन पानं छापून दिली आणि साडेचार लाखांचा आकडा सांगितला. माझ्या दरानं सव्वादोन लाख शब्द, म्हणजे तीन जाडजूड कादंबऱ्या. अर्थात कादंबऱ्यांना तो दर कुणी देत नाही.

पानावर कोड होता, पी०ए८०. त्यापुढे इंग्रजीत एक वाक्य. मराठीत ते असं होईल: हायब्रीड बॅटरी पॅक बदला.

ही कोडची भाषा मला नंतर वाचायला आवडू लागली. पहिलं अक्षर 'पी', म्हणजे बिघाड इंजिन आणि चाकांपर्यंत शक्ती पोचवण्याच्या बाजूचा. पुढचं शून्य सांगतं की हा कोड सगळ्या कंपन्यांना समान आहे, कुणा एकीचा खासगी नाही. अमेरिकेत १९९६पासूनच्या गाड्यांना हे सामायिक वाचन बंधनकारक झालं आणि ते जगभर पसरलं. यातली बहुतेक वर्णनं क्रियापद नसलेली असतात. अमुक सर्किटमध्ये दाब कमी, तमुक पंख्याची कामगिरी असमाधानकारक. पी०ए८० मात्र आज्ञार्थी आहे. ते काय झालंय ते सांगत नाही, काय करा ते सांगतं. आणि मराठीत 'बदला' हे आज्ञार्थी क्रियापद नाम म्हणून वाचलं की सूड होतं. नवऱ्यानं पान हातात घेतलं तेव्हा त्यानं ते तसंच वाचलं. "त्याला माहीत होतं," तो म्हणाला. "माहीत होतं म्हणूनच दिली." वकिलाला फोन लावायला निघालाच होता.

मी ज्यांच्या कथा मराठीत करते त्या तेलुगू लेखिकेकडून मलकपेटच्या एका मिस्त्रींचा पत्ता मिळाला. नऊ वर्षं दुबईत हायब्रीड टॅक्सींवर काम करून परतलेले. तिथल्या टॅक्सी दिवसरात्र पळतात, तेही वाळूत आणि उन्हात. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. मी कागद पुढे केला, त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बाजी, ये हुकुम है. बेमारी का नाम नै है," ते म्हणाले. "अब्बी बदलना नक्को. पैले देखेंगे सांस कैसी ले रई."

दखनीतलं हे 'नक्को' आपल्याच 'नको'चं भावंड आहे. मी हैदराबादला तौलनिक साहित्यात एम.ए. करायला आले तेव्हा पहिल्या आठवड्यात हाच शब्द मला धीर देऊन गेला होता. आताही दिला.

त्यांनी जे समजावलं ते असं. या गाडीची मोठी बॅटरी निकेल-मेटल हायड्राइडची असते. २०४ छोटे सेल, प्रत्येकी १.२ व्होल्टचे, एका माळेत ओवलेले, मिळून २४४.८ व्होल्ट. सहा सेलांचं एक मॉड्यूल, अशी ३४ मॉड्यूल. संगणक त्यांच्या जोड्यांचे व्होल्टेज सतत ताडून बघतो. एखादी जोडी इतरांपेक्षा फार खाली जाऊ लागली आणि ते पुन्हा पुन्हा घडलं, की तो पी०ए८० लिहून मोकळा होतो. का खाली गेली हे त्याला ठाऊक नसतं. सेल म्हातारे झाले असतील, जोडपट्टीवर गंज चढला असेल, किंवा बॅटरी तापली असेल. तापण्याचं कारण बहुधा साधं असतं. या बॅटरीला थंड ठेवणारा पंखा गाडीच्या आतलीच हवा ओढतो, मागच्या सीटजवळच्या जाळीतून. माणसांना गार वाटलं तर बॅटरीलाही गार वाटतं. एसी काटकसरीनं बंद ठेवून मे महिन्यात गाडी चालवणाऱ्याची बॅटरी त्याच्यासोबत शिजते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम निघालं. उस्तादांनी आधी डिकीतल्या छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीची ऋण तार सोडली, रबरी हातमोजे घातले, मोठ्या बॅटरीचा सर्व्हिस प्लग ओढून काढला आणि खिशात ठेवला. दुसऱ्या कुणी चुकून लावू नये म्हणून खिशात. मग आम्ही दहा मिनिटं थांबलो. इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरमध्ये भार उरलेला असतो, तो निवळेपर्यंत नारिंगी केबलला हात लावायचा नाही. उस्ताद दहा म्हणजे दहा मिनिटं घड्याळाकडे बघत स्टुलावर बसून राहिले. पोरगा घाई करू लागला तर त्याला म्हणाले, "तेरे अब्बा कू क्या मुँ दिखाऊँ मैं?"

सीट निघाली, जाळी निघाली, आणि जाळीमागून एक नमदा निघाला. नमदाच. बोटभर जाडीचा, राखाडी धूळ आणि सोनेरी केसांचा. उस्तादांनी तो चिमट्यानं उचलून आमच्यासमोर धरला. "कुत्ता है घर में?"

आमच्या घरात नाही. मित्राच्या घरात आहे. लॅब्रॅडॉर. त्याचं पिल्लूपण आम्ही पाहिलंय, माझी लेक लहानपणी त्याच्या पाठीवर डोकं ठेवून झोपायची. नवऱ्यानं तो नमदा बघितला आणि काही न बोलता बाहेर जाऊन उभा राहिला.

पुढचं काम दोन दिवसांचं. पंख्याची पाती धुतली. जोडपट्ट्यांवर हिरवट थर चढला होता, तो घासून काढला, नट मोजक्या ताकदीनं आवळले. ताकद मोजायचा पाना वेगळा असतो, जास्त आवळलं तर मॉड्यूलची आटी जाते. एकच जोडी खरोखर थकलेली निघाली. तिथे उस्तादांनी नवी मॉड्यूल घातली नाहीत, अपघातात गेलेल्या तशाच गाडीची, तशाच वयाची दोन शोधून आणली. नवीन घातली तर बाकीच्यांशी जुळत नाहीत आणि चार महिन्यांत दुसरं टोक तक्रार करतं. एकूण खर्च अडतीस हजार. पोतं टाकून बुजवलेला खड्डा कायमचा रस्ता होत नाही हे मला कळतं. उस्तादांनीही वर्ष-दीड वर्षापलीकडचा शब्द दिला नाही. पण साडेचार लाख आणि अडतीस हजार यांत आमच्या घरातलं एक पूर्ण शैक्षणिक वर्ष बसतं.

इथे गोष्ट संपली असती. पण मी सर्व्हिस सेंटरची ती दोन पानं फाइलला लावण्यापूर्वी पुन्हा वाचली. छापील मजकुराची तळटीपसुद्धा वाचायची ही धंद्यातली खोड. दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत एक ओळ होती: कोड पुसल्यापासून कापलेलं अंतर, २३४ किलोमीटर.

हल्लीच्या बहुतेक गाड्यांचा संगणक हा आकडा ठेवतो. जुनी गाडी घेणाऱ्यानं इतर काही नाही तरी हा बघावा. यंत्र लावून कोड पुसायला दहा सेकंद लागतात, दिवा विझतो आणि गाडी निरोगी दिसते. दोष परत जमून येईपर्यंत काही दिवस जातात. पण पुसल्यापासून किती चाललो हे गाडी मोजत राहते.

पान छापलं तेव्हा मीटरवर ७१,५५२ होते. स्टॅम्पपेपरवर ७१,३४०. म्हणजे आम्ही चालवली २१२ किलोमीटर. उरले बावीस. मित्राच्या घरापासून आमच्या घरापर्यंतचं अंतर साधारण तेवढंच आहे.

चार दिवस मी हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नोटीस गेली असती, अकरा वर्षं कोर्टात उघडी पडली असती आणि पुराव्यात माझ्या हातचा हिशेब असता. पण न सांगण्याचं खरं कारण वेगळं होतं. मला त्या आकड्याचा एकच अर्थ लागला होता, आणि पहिल्याच वाचनात इतका चपखल बसणारा अर्थ दिसला की मी अनुवाद करतानाही तिथे थांबते.

पाचव्या दिवशी उस्तादांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, कोड पुसल्यावर हा आकडा शून्य होतो हे खरं, पण बऱ्याच गाड्यांत छोटी बॅटरी काढली तरी होतो.

या छोट्या बॅटरीबद्दल सांगायला हवं, कारण हायब्रीडवाल्यांची निम्मी धावपळ तिच्यापायी असते. या गाडीला नेहमीसारखा स्टार्टर नाही. १२ व्होल्टची बॅटरी संगणक जागे करते, ते रिले जोडतात, आणि मग कुठे २४४ व्होल्टला उठता येतं. छोटी मेली की मोठी भरलेली असूनही गाडी ढिम्म. शिवाय ती अर्धमेली असली की संगणक भलभलत्या सूचना देत सुटतात. गाडी दोन-तीन महिने उभी राहिली तर हमखास मरते. आणि ही गाडी तर दोघांच्या भांडणात आठ महिने चिंचेखाली उभी होती.

मी नवऱ्याला दोन्ही पानं दाखवली, बावीसचा हिशेब दाखवला आणि उस्तादांचं म्हणणंही सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग किल्ली घेऊन खाली गेला, मीही गेले. डिकीचं उजवीकडचं झाकण त्यानं काढलं, मोबाइलचा उजेड पाडला. बॅटरीवरच्या वॉरंटीच्या पट्टीत महिना टोचलेला होता. गाडी आमच्याकडे आली तोच.

"नवी टाकली होती त्यानं," तो म्हणाला.

मला म्हणायचं होतं की यानं काहीच सिद्ध होत नाही, नवी बॅटरी टाकून वर कोडही पुसता येतो. पण त्यानं झाकण लावलं होतं. नोटीस गेली नाही. फोनही गेला नाही.

दिवाळीनंतर एक गाड्यांचा दलाल येऊन गेला. मी त्याला फाइल दिली, त्यात पी०ए८०चं पान, उस्तादांचं बिल आणि जोड्यांच्या व्होल्टेजची दर महिन्याची नोंद. त्यानं चाळली आणि परत माझ्या हातात ठेवली. "मॅडम, कोड तो अब है नहीं. ये कागज दिखाएंगे तो तीन लाख कम समझिए. फाड़ दीजिए." आम्ही तीन लाख कमी समजलो नाही आणि कागदही फाडले नाहीत, म्हणून गाडी अजून आमच्याच दारात आहे. लेकीची पहिली फी कर्जातून गेली.

आई संक्रांतीला आली होती. मागच्या सीटवर बसली, तळहात चामड्यावर फिरवला आणि विचारलं, "आवाज का नाही येत?" कमी वेगाला इंजिन बंद राहून गाडी बॅटरीवर चालते, हे सांगितलं. "खायला कमी लागतं म्हणायचं," ती म्हणाली. शहरात लिटरला चौदा-पंधरा देते हे तिला पटलं. चवीबद्दल तिनं काही विचारलं नाही.

महिन्यातून एकदा रविवारी लेक व्हॅक्यूम घेऊन मागच्या सीटजवळची जाळी काढते. दर वेळी दोन-चार सोनेरी केस अजून निघतातच.