मरीन म्हणजे मासा

अमेरिकेहून आलेल्या मावसभावाने आईसाठी डबा आणला होता. मरीन कोलॅजन. गुडघ्यांना चांगलं, शिवाय अँटिऑक्सिडंट. आई रोज सकाळी कोमट पाण्यातून चमचाभर घ्यायची. शनिवारी सहज डबा फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली आणि बसलो डोक्याला हात लावून. मरीन म्हणजे मासा! आमची आई माळकरी. मासळीबाजार टाळायला लांबच्या रस्त्याने जाणारी.

म्हटलं, सांगण्याआधी निदान त्या पुडीत दम किती ते तरी बघू.

कोलॅजन म्हणजे कातडी, हाडं, खवले यांतलं प्रथिन. तीन साखळ्यांचा घट्ट पीळ, सुंभासारखा. मासे साफ करून उरलेल्या कातडी-खवल्यांतून ते काढतात. तापवलं की पीळ सुटतो, जिलेटिन होतं. एन्झाइमने त्याचे बारीक तुकडे केले की पेप्टाइड. डब्यात असते ती ही पूड. अँटिऑक्सिडंटपणा मुख्यतः या तुकड्यांचाच. पिळात दडलेली अमिनो आम्लं उघडी पडतात आणि हायड्रोजन किंवा इलेक्ट्रॉन देऊन फ्री रॅडिकलला गप्प करतात.

हे तपासायची एक पद्धत मजेदार आहे. डीपीपीएच नावाच्या रॅडिकलचं जांभळं द्रावण घ्यायचं, त्यात पेप्टाइड घालायचं. जांभळा रंग उतरून पिवळट झाला की पास. किती उतरला ते ५१७ नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजतात.

आमच्या धंद्यात याला युनिट टेस्ट म्हणतात. ती पास झाली म्हणून कोणी प्रॉडक्शनला टाकत नाही (टाकतात, पण ते असो). डीपीपीएच आपल्या शरीरात नसतंच. शिवाय पोटात गेल्यावर त्या तुकड्यांचे आणखी तुकडे होतात. सगळंच विरघळून जातं असंही नाही हं. जिलेटिनचे असे तुकडे खाल्लेल्या माणसांच्या रक्तात प्रोलिल-हायड्रॉक्सिप्रोलिन ही जोडी टिकून राहिलेली जपानी संशोधकांना सापडली, २००५ साली. पण जोडी रक्तात पोचली म्हणून नळीतली करामत गुडघ्यात झाली, असं कसं म्हणणार?

रविवारी सगळं सांगितलं. रॅडिकल, जांभळा रंग वगैरे तिने ऐकून घेतलं. डबा उचलून दाराबाहेर ठेवला.

"गुडघा मात्र जरा बरा वाटत होता रे," म्हणाली. मग बोटांवर काहीतरी मोजलं.

"यात एकादशी पण येऊन गेली."