नाना कम्युनिस्टच होते

क्रांतिसिंह नाना पाटील हे नावापुरतेच कम्युनिस्ट होते, असं मी कितीतरी वर्षं ठासून सांगत आलो. सत्यशोधक चळवळीत घडलेला, तलाठ्याची नोकरी सोडून 1930 च्या कायदेभंगात उतरलेला, रांगड्या बोलीत सभा गाजवणारा माणूस. त्याचा आणि मार्क्सचा संबंध काय? लाल झेंडा उतारवयात हाती आला, इतकंच. 1967 साली आम्ही बीडकरांनी त्यांना लोकसभेत पाठवलं तेही साताऱ्यात इंग्रजांविरुद्ध चालवलेल्या प्रतिसरकारच्या पुण्याईवर, पक्षाकडे बघून नव्हे. हे मत सोयीचंही होतं. असे नाना सगळ्यांचे होतात आणि कुणालाच अडचणीचे होत नाहीत.

माझ्याजवळ एक बिनतोड मुद्दाही होता. 1942 मध्ये कम्युनिस्ट पक्ष ‘भारत छोडो’च्या विरोधात होता. रशिया युद्धात ओढला गेला होता, म्हणून पक्षाच्या लेखी ते लोकयुद्ध ठरलं होतं. नाना मात्र त्याच काळात भूमिगत राहून सातारा जिल्ह्यात इंग्रजांचा अंमल मोडून काढत होते. ज्या पक्षाने त्या लढ्याकडे पाठ फिरवली, त्या पक्षाचा हा माणूस कसा? मुद्दा आजही खोटा नाही. त्यावरून मी जे ठरवून बसलो होतो, ते मात्र आता पटत नाही.

मन हललं ते त्यांच्या नावावर फिरणाऱ्या वाक्यांमुळे. दर 3 ऑगस्टला, त्यांच्या जयंतीला, अशी वाक्यं मोबाइलवर येऊन पडतात. नाना बोलणारे पुढारी. त्यांचे शब्द टिकले ते ऐकणाऱ्यांच्या तोंडी. त्यामुळे कुठलं वाक्य त्यांचं, कुठलं एखाद्या कार्यकर्त्याने सजवलेलं आणि कुठलं परवाच कुणी जुळवलेलं, हे सांगणं कठीण. या वाक्यांतला शेतकरी नेहमी अन्नदाता असतो, कर्जदार किंवा कूळ कधीच नसतो. सावकाराचं तर नावही नाही. ‘आपला आपण करू कारभार’ ही त्या काळची घोषणा तेवढी सगळ्यांना पाठ. मीही भाषणाच्या शेवटी ती ठोकून द्यायचो, टाळ्याही पडायच्या.

पण कारभार म्हणजे प्रतिसरकारातल्या लोकांनी नेमकं केलं काय? गावोगावी स्वतःची न्यायमंडळं उभी केली, तंटे तिथेच मिटवले. सावकार आणि गावगुंडांना जरब बसवली. दारूबंदी केली. लग्नात घर बुडू नये म्हणून थोडक्यात उरकणारी गांधी लग्नं लावली. (तळपायावर फटके देण्याच्या त्या शिक्षांचं कौतुक मला आजही जमत नाही.) हे सगळं नुसतं इंग्रजांविरुद्ध नव्हतं. सावकाराचा वचक मोडायचा तर 15 ऑगस्ट 1947 ला काम संपत नाही.

नानांनी ते संपलं असं मानलं नाही. काँग्रेसमध्ये राहते तर मानाचं पान ठरलेलं होतं. ते शेतकरी कामगार पक्षात गेले, तिथून कम्युनिस्ट पक्षात. 1955 मध्ये डहाणूला, म्हणजे वारल्यांच्या उठावाच्या मुलखात, अखिल भारतीय किसान सभेचं अधिवेशन भरलं आणि नाना तिचे अध्यक्ष झाले. 1957 ला ते साताऱ्यातून कम्युनिस्ट खासदार म्हणून निवडून आले. ही शोभेची वाट नव्हे. मॉस्कोच्या पोथीतून नव्हे, तर कूळ, कर्ज आणि जमीन यांच्यामागून चालत ते त्या पक्षापर्यंत पोचले, असं मी आता म्हणतो.

राहिला बीडचा प्रश्न. आमच्या खासदारांची यादी मी बारकाईने पाहिली ती फार उशिरा. 1952 च्या पहिल्याच निवडणुकीत इथून रामचंद्र गोविंद परांजपे निवडून आले होते, ते पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे. हैदराबाद संस्थानात कम्युनिस्ट पक्षावर बंदी आलेली, म्हणून हे नाव. त्याच फ्रंटच्या रावी नारायण रेड्डींनी नलगोंड्यातून नेहरूंपेक्षाही जास्त मतं घेतली होती. निजामाची राजवट जाऊन तेव्हा चार वर्षंही झाली नव्हती. 1967 ला नाना आले. 1977 ला मार्क्सवादी पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे निवडून आले; तोवर नाना हयात नव्हते, 6 डिसेंबर 1976 लाच ते गेले होते. 1967 ला काँग्रेसविरोधी वारं होतं आणि 1977 ला तर लाटच होती, हे खरं. पण वारं होतं म्हणून इथे दुसरा कुणीही चालला असता. बीडने दोन्ही वेळा विळा जवळ केला. वीरपूजेचा माझा सिद्धान्त इथे टिकत नाही.

आज ते बीड राहिलेलं नाही, हेही खरं. पण दिवाळी झाली की इथल्या ऊसतोडीच्या टोळ्या मुकादमाची उचल अंगावर घेऊन सांगली-साताऱ्याकडे निघतात. नानांचं येडेमच्छिंद्र त्याच मुलखात, वाळवा तालुक्यात आहे. भुईंजच्या साखर कारखान्याला किसन वीरांचं नाव आहे, कुंडलच्या कारखान्याला जी. डी. बापू लाडांचं; दोघेही प्रतिसरकारातले. त्या मुलखात ऊस तोडणाऱ्याला ‘आपला कारभार’ हे शब्द कसे ऐकू येत असतील, ते त्यालाच विचारायला हवं.

जयंतीला नानांचं वाक्य लावणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे: त्या वाक्याखाली त्यांचा पक्षही लिहा.