आधी दोन आत घाला

वाशिमात इतकी वर्षं गणित शिकवतोय, तरी बारावीच्या अवकल समीकरणांत एका ठिकाणी खडू अजून अडखळतो. इंटिग्रेटिंग फॅक्टर काढायचा असतो, पाया ई, घातांकात २ लॉग एक्स. निम्मी पोरं ई आणि लॉग कापून मोकळी होतात: उत्तर २ एक्स. हवा असतो एक्सचा वर्ग. घातांकात उणे लॉग एक्स असेल तर उत्तर बेधडक उणे एक्स, आणि लॉग एक्स अधिक ३ असेल तर एक्स अधिक ३! ई-चा घन कुठं गेला, कोणी विचारत नाही.

'आधी दोन लॉगच्या आत घाला, मगच कापा' हे घसा बसेस्तोवर सांगत आलो. कापायची ती तिरकी रेघ मी तोऱ्यात मारतो. पोरं बघत राहतात, मला ते आवडतं. यंदा एका पोरीनं मात्र अडवलं. "सर, दोन आत गेला की वर्ग का होतो? दुप्पट का नाही?" नियम सांगून तिचं समाधान होईना.

मला उत्तर एका जैन ग्रंथावरच्या धवला टीकेत मिळालं. आपल्या कारंज्याची जैन ग्रंथभांडारं धुंडाळणाऱ्या हिरालाल जैनांनीच १९३९ पासून ती संपादून अमरावतीहून छापली. नवव्या शतकातल्या वीरसेनाचार्यांनी तिच्यात 'अर्धच्छेद' वापरलेत: संख्या एकावर येईपर्यंत किती वेळा अर्धी होते, ते, म्हणजे पाया दोनचा लॉगच. लॉगवरचा नेपियरचा ग्रंथ त्याच्या कितीतरी नंतरचा, १६१४ चा. ८ चे अर्धच्छेद ३. दुप्पट केले, ६. आता सहा वेळा अर्धी होऊन एकावर येणारी संख्या कोणती? १६ तर चारदाच होते. पोरगी बोटांवर मोजत गेली आणि ६४ वर थांबली. आठाचा वर्ग. उणे असेल तर अर्धं करण्याऐवजी दुप्पट करायचं: एक अष्टमांश तीनदा दुप्पट केला की एक.

क्लासवाल्यांना हा वेळेचा खेळखंडोबा वाटेल. ते म्हणतात, एक्सच्या जागी १ घाल, चुकीचे पर्याय गळतात. गळतातही, हेच तर खुपतं.

दुसऱ्या दिवशी तीच पोरगी हजर. "पाचाचे अर्धच्छेद किती?" दोनदा अर्धं केलं की १.२५, तिसऱ्यांदा ०.६२५, एक मध्येच निसटतो. लॉग टेबल काढलं. ०.६९९० भागिले ०.३०१०, म्हणजे २.३२. "पण २.३२ वेळा अर्धं करायचं कसं?" मग अपूर्णांक घातांक पुन्हा मुळापासून काढावे लागले, आणि पोर्शन आठवडाभर मागं पडला.