यासास! तब्येत कशी आहे?

‘हाय, हाऊ आर यू?’ ‘फाईन!’ ऑफिसच्या लिफ्टमध्ये दिवसातून दहा वेळा होणारा हा डायलॉग. उत्तर ऐकायला थांबतं कोण? मेसेजच्या शेवटी ‘टेक केअर’ही टाइप होतं, ते निव्वळ सवयीने.

सप्टेंबर २०२४ मध्ये एका कामासाठी दहा दिवस अथेन्सला जायचं होतं. म्हटलं, आख्खी ग्रीक भाषा नको, दहा शब्द पुरेत. लिपी बघितली की थेट कॉलेजचं गणिताचं पुस्तक आठवतं. आल्फा, बीटा, थीटा! कानाला मात्र ही भाषा गोड आहे. सकाळी ‘कालिमेरा’, दुपार टळली की ‘कालिस्पेरा’, रात्री निरोप घेताना ‘कालिनिख्ता’. ‘एफ्खारिस्तो’ म्हणजे थँक्यू. आणि खरी गंमत ‘ने’ची. आपल्याला वाटतं समोरचा ‘नै’ म्हणतोय, तर तो ‘हो’ म्हणत असतो!

सगळ्यात कामाचा शब्द ‘या’. मित्राला ‘यासू’, वडीलधाऱ्यांना किंवा चारचौघांना ‘यासास’. म्हणजे आपलाच तू आणि तुम्हीचा फंडा. भेटतानाही हेच, निघतानाही हेच. आणि हा ‘या’ आलाय ‘इयिया’वरून, म्हणजे आरोग्य. दर हॅलोमागे एक शुभेच्छा दडलेली: तब्येत चांगली राहो.

याचा अर्थ खरा कळला तो पांग्रातीत, मी राहत होते त्या भागात. कोपऱ्यावरच्या बेकरीत रोज कुलुरी घ्यायचे, तीळ लावलेला गोल पाव. काउंटरवरच्या काकूंशी ओळख ‘कालिमेरा’पुरतीच. चौथ्या दिवशी पहाटे भावाचा फोन आला. बाबांची अँजिओप्लास्टी झाली होती. “आता धोका नाहीये, तू काम संपवूनच ये,” तो म्हणाला. बेकरीत काकूंनी माझा चेहरा बघूनच काय ते ओळखलं. मी एवढंच म्हणाले, “फादर, हॉस्पिटल.” त्यांनी माझा हात धरला. “पेरास्तिका.” आजाऱ्यासाठी म्हणायचा शब्द आहे हा. दुखणं सरून जावो.

उरलेले सहा दिवस त्या रोज विचारायच्या, “ओ बाबास?” हो, ग्रीकमध्येही वडील ‘बाबास’च! मी म्हणायचे, “काला.” म्हणजे बरे आहेत. परक्या शहरात दिवसभरात बाबांची चौकशी करणारं तेवढंच एक माणूस होतं, आणि त्या उत्तर ऐकेपर्यंत पाव हातात देत नसत.

आता बाबा रोज सकाळी फिरायला जातात. फोनवर तब्येत विचारली की त्यांचं उत्तर ठरलेलं, “एकदम फर्स्टक्लास!” पूर्वी मी लगेच पुढच्या विषयावर जायचे. हल्ली गप्प राहते, थोडी थांबते. मग ते हळूच सांगायला लागतात, रात्री झोप कशी लागत नाही ते.