दोन पेले

पेडण्याकडच्या आमच्या गावात घरचा काजूचा डोंगर वाटला गेला तो १९८६ साली. झाडं मोजून वाटली. पण झरा एकच, तो काकांच्या वाटणीत गेला. भट्टीला पाणी लागतंच, वाफ थंड झाल्याशिवाय थेंब पडत नाही. बाबांना खालच्या व्हाळातून घागरी वाहाव्या लागल्या. तिथून दोघा भावांचं बोलणं तुटलं.

त्या पहिल्याच हंगामात दोघांनी ईर्षेनं फेणीचा एकेक काचेचा बुधला भरून ठेवला. करायची रीत दोघांचीही आजोबांचीच. बोंडू झाडावरून तोडायचा नाही, पिकून खाली पडलेलाच घ्यायचा. बिया काढून बोंडू पायांनी तुडवायचे, रस तीनेक दिवस आंबवायचा. पहिल्या खेपेला निघते ती उर्राक. ती आंबवलेल्या रसात मिसळून पुन्हा भट्टीवर चढवली की फेणी. तरी बाबा येईल त्याला सांगायचे, "दादाच्या फेणीत झऱ्याचा पाणीच जास्ती." २००९ साली गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हाही म्हणाले, "दादाची सोडून मिळाला आसतला."

२०१९ च्या पावसात माझा मुलगा घरी आला. तो पणजीला हॉटेलात बारवर असतो. तिथं जुन्या व्हिस्क्या नाव झाकून चाखायला देतात, आणि मोठमोठे जाणकार फसतात, असं सांगत होता. सांगता सांगता म्हणाला, "आजो, तुमची फेणी तुमका वळखाक येतली?"

"माझ्या हातची माका कळाची नाय? खुळो की काय तू!"

आम्ही चुलतभाऊ गडग्यावरून बोलायचो, ते कधी थांबलं नव्हतं. त्यानं काकांच्या बुधल्यातली बाटलीभर आणून दिली. मुलानं दोन सारखे पेले घेतले, बुडाला चिकटपट्टीवर १ आणि २ लिहिलं. रंगावरून कळायची सोय नव्हती. फेणी काचेत राहिलेली, लाकडाचा रंग नाही; दोन्ही पाण्यासारख्या नितळ.

बाबांनी आधी वास घेतला. मग चार थेंब पाणी घालून पुन्हा घेतला. एकेक घोट तोंडात बराच वेळ धरला. पहिला पेला लांब सारला. "हीत धूर आसा. घशाक लागता. ही दादाची." दुसरा छातीशी धरला. "बोंडूचो वास बघ कसो येता. तेतीस वर्सां झाली तरी. ही माझी."

मुलानं पेले उलटे करून दाखवले. छातीशी धरलेली काकांची होती.

तो हसणार होता, मी डोळ्यांनी दाबलं. बाबा काही बोलले नाहीत. जेवले नाहीत. रात्री पडवीत बसून होते. मी जवळ गेलो तेव्हा एवढंच म्हणाले, "त्या वर्सा लाकडा ओली होती."

सकाळी त्यांनी स्वतःच्या बुधल्यातली बाटली भरून माझ्या हातात दिली. "दादाक दी. कोणाची ता सांगू नको."

काका अंथरुणाला खिळलेले, डोळ्यांनी दिसत नव्हतं. त्यांच्यासाठी काही झाकायची गरजच नव्हती. नाकाशी धरली, ओठ लावले आणि लगेच म्हणाले, "धाकट्याची. आग मोठी केल्यान. एकटोच होतो ना, घाई झाली आसतली." मग थोड्या वेळानं, "तेव्हा पाणी खयसून हाडी तो?"

"व्हाळातून," मी म्हणालो.

"डोक्यावरून?"

"होय."

काकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

घरी येऊन मी बाबांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. दुपारी ते काठी घेऊन निघाले. एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाला गडगा काही ओलांडवेना. आम्ही दोघा चुलतभावांनी वाट होण्यापुरते दगड काढले आणि त्यांना हाताला धरून पलीकडे नेलं.

ते दगड आम्ही पुन्हा लावलेले नाहीत.