पट्टा का रडतो

गेल्या आठवड्यात सकाळी क्वार्टरसमोरून पाण्याचा एक जुना टँकर किंचाळत चढावर गेला. मी दाढी अर्धवट टाकून गॅलरीत आलो. आतून बायको म्हणाली, "तुझं एमटीओपण काही जात नाही हं." खरं आहे. इंजिनचा पट्टा रडायला लागला की मला आजही लडाखमधली एक सकाळ आठवते, आणि ती आठवण फारशी अभिमानाची नाही.

२००६-०७ चा हिवाळा. मी नवा कॅप्टन होतो आणि पलटणीच्या गाड्या माझ्याकडे होत्या. खडकवासल्याची तीन वर्षं आणि डेहराडूनचं एक पाठीशी, त्यामुळे आपल्याला सगळं येतं अशी पक्की समजूत. गाड्यांमध्ये एक म्हातारा पाच टनी ट्रक होता. रोज पहाटे उणे पंधरा-वीसमध्ये तो सुरू झाला की तीन-चार मिनिटं असा केकाटायचा की अख्खी लाइन जागी व्हायची. सीओ साहेबांचं ऑफिस जवळच. एक दिवस त्यांनी सहज विचारलं, "एमटीओ, तुम्हारी लाइन में रोज सुबह कौन रोता है?"

आजूबाजूचे हसले. मला ते लागलं.

मी तडक एमटी लाइनमध्ये गेलो. त्या ट्रकचा ड्रायव्हर खटाव तालुक्यातला, सतरा वर्षं सर्व्हिस झालेला नाईक. सगळे त्याला उस्तादच म्हणत. मी म्हणालो, "उस्ताद, पट्टा ताणून घ्या. उद्या आवाज आला नाही पाहिजे."

तो अंगठ्यानं पट्टा दाबून बघत म्हणाला, "ताण बराबर हाय साहेब. आनखी ताणला तर गप बसंल, पर रडतंय का ते कळायचं न्हाई."

"ताणा," मी म्हणालो.

त्यानं ताणला. दुसऱ्या दिवशी ट्रक गुपचूप सुरू झाला. मी सीओ साहेबांसमोरून जरा छाती काढूनच गेलो.

अकरा दिवस शांततेत गेले. बाराव्या दिवशी तोच ट्रक रेशन, केरोसीन आणि सुट्टीवरून आलेली काही पोरं घेऊन चांग ला ओलांडायला निघाला. ही खिंड सतरा हजार फुटांच्या वर आहे. तिथे हवा विरळ, म्हणून पाणी साधारण ८३ अंशांनाच उकळतं. रेडिएटरच्या झाकणाचा दाब थोडी मदत करतो, पण एकंदरीत इंजिन थंड ठेवायला हाताशी फार काही उरत नाही. चढावर काटा वर सरकला आणि बॉनेटमधून वाफ आली. वॉटर पंपाचं बेअरिंग गेलं होतं, सील फाटलं होतं आणि पाणी गळून गेलं होतं.

पोरांना दुसऱ्या गाड्यांत बसवून पुढे पाठवलं. पण भरलेली गाडी सोडून जाता येत नाही. उस्ताद आणि वीस वर्षांचा को-ड्रायव्हर रात्रभर तिथेच राहिले. इंजिन चालू करता येत नव्हतं, म्हणजे ऊबही नाही. रिकव्हरी पहाटे पोचली तेव्हा त्या पोराच्या डाव्या पायाची दोन बोटं पांढरी पडली होती.

बोटं वाचली, हे आधीच सांगून टाकतो. पण तो तीन आठवडे हॉस्पिटलात होता, आणि पहिले चार दिवस डॉक्टर काहीच खात्रीनं सांगत नव्हते.

त्याच दिवशी सीओ साहेबांनी विचारलं, "पंप कसा गेला?" मी म्हणालो, "तपासतो, सर." वास्तविक तपासण्यासारखं काही नव्हतं. पट्टा वाजवीपेक्षा जास्त ताणला की तो वॉटर पंपाची आणि आल्टरनेटरची पुली सतत एका बाजूला ओढत राहतो. सगळा भार बेअरिंगवर येतो. जुनं बेअरिंग ते किती दिवस सोसणार? जॉब कार्डवर पट्टा ताणल्याची नोंद होती आणि सही उस्तादची होती. माझा हुकूम तोंडी होता. त्याचा कागद नव्हता.

ती रात्र मी काही न बोलता काढली. सकाळी कळलं की उस्तादनं सुभेदार मेजर साहेबांना परस्पर सांगून टाकलंय, "माझ्याच हातनं जास्त ताणला गेला." तेव्हा मात्र बसवेना. सीओ साहेबांकडे जाऊन म्हणालो, "सर, पट्टा ताणायचा हुकूम माझा होता. उस्तादनं नको म्हटलं होतं." त्यांनी मान वर केली. "हे कालच सांगता आलं असतं," एवढंच म्हणाले. मला पुढे बऱ्याच गोष्टींबद्दल बोलणी बसली, पण त्या पाच शब्दांइतकं काही झोंबलं नाही.

वर्कशॉपनं नवा पंप बसवला, नवा पट्टा घातला, ताण मोजून ठेवला. दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रक सुरू केला, आणि पुन्हा तीच किंकाळी!

मी उस्तादकडे बघितलं. तो म्हणाला, "आता बसू या का साहेब, नीट?"

त्या सकाळी जे शिकलो ते इथे लिहून ठेवतो. जुन्या गाड्या अजून बऱ्याच जणांकडे आहेत.

आधी नुसतं ऐकायचं. सलग किंकाळी असेल तर पट्टा बहुधा घसरतोय. थंडीत स्टार्टरनं बॅटरी पिळून निघते, मग आल्टरनेटर तिला भरायला जोर लावतो आणि ढिला पट्टा त्या भाराखाली सटकतो. म्हणून आवाज सकाळी जास्त. पण आमचा आवाज सावकाश चालीवर 'चिक-चिक-चिक' असा तालात होता, आणि वेग वाढवला की त्या चिकचिकीची किंकाळी होत होती. ताल असेल तर पुली सरळ रेषेत नसल्याची शंका घ्यायची.

मग पाणी. उस्तादनं मगात कोमट पाणी घेऊन, हात आणि बाही पंख्यापासून लांब ठेवून, चालत्या पट्ट्याच्या आतल्या बाजूवर थोडंसं शिंपडलं. आवाज वाढला तर पट्टा ढिला. क्षणभर थांबून परत आला तर पुलीची रेषा चुकलेली. आमचा थांबला, आणि परत आला.

तरी त्यानं घाई केली नाही. इंजिन बंद करून पट्टा उतरवला आणि मिनिटभरच इंजिन चालवलं. वॉटर पंप फिरत नसताना त्याहून जास्त चालवायचं नाही. आवाज नाही, म्हणजे दोष इंजिनच्या पोटात नाही. मग बंद इंजिनवर एकेक पुली हातानं फिरवली. खरखर नाही, डगमग नाही, म्हणजे बेअरिंगं ठीक.

शेवटी एक सुतळी क्रँकच्या पुलीपासून आल्टरनेटरच्या पुलीपर्यंत ताणून धरली. आल्टरनेटरची पुली तीन-चार मिलिमीटर आत होती. ब्रॅकेटच्या बोल्टचं भोक झिजून लांबट झालेलं, आणि मधला स्पेसर गायबच. कुणीतरी, कधीतरी, घाईत विसरला असणार.

उस्ताद कोपऱ्यातल्या भंगारातून जुना पट्टा घेऊन आला. त्याची एक कड गुळगुळीत आणि दुसरी पार दशा निघालेली. "हे बगा," तो म्हणाला. "ह्यानं आधीच सांगितलं हुतं."

भोकात बुश बसवला, स्पेसर टाकला, आणि पट्टा अंगठ्याच्या दाबानं मध्यावर बोटाच्या जाडीइतका दबेल एवढाच ताणला. दुसऱ्या दिवशी उणे अठरामध्ये ट्रक सुरू झाला. फक्त इंजिनचा आवाज आला.

त्यानंतर बऱ्याच पोस्टिंग झाल्या. माझ्या हाताखालच्या तरुण अधिकाऱ्यांना मी दोनच गोष्टी सांगतो. पट्ट्यावर चिकट फवारा मारून किंवा ताण वाढवून आवाज बंद करू नका. आणि तोंडी हुकूम दिलात, तर तो दिल्याचं आधी तुम्ही सांगा.

उस्ताद आता गावी असतो. तो को-ड्रायव्हर हवालदार झाला. थंडीत बोटं अजून बधिर होतात, असं त्यानं एकदा हसत सांगितलं होतं. मी काही हसलो नाही.

दिवाळीला उस्तादचा फोन येतो. त्याच्या वस्तीवर रेंज धड नसते, त्यामुळे पहिलं वाक्य दरवर्षी तेच असतं, "साहेब, आवाज येतोय का?"

"येतोय उस्ताद," मी म्हणतो. "बोला."