जीपच्या पोटातली चीर

खटक्. गिअर टाकून क्लच सोडला की एकदा, ब्रेक दाबला की पुन्हा एकदा. आवाज बरोबर सीटखालून येई. पहिले पंधरा दिवस मी तो जेवणाच्या डब्याचा समजत होतो. डबा घरी ठेवून गाडी चालवून पाहिली. मग जॅक काढला, मग पान्यांची पिशवी काढली. गाडी रिकामी झाली, खटका होता तिथेच.

जीप महिंद्राची, नव्वदच्या दशकातली, पुढे-मागे पाट्यांची. पहिल्या मालकाने ती चार इंच उचललेली. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करतो. उंचीशी माझा संबंध शिडीपुरता. पण पावसाळ्यात मसाई पठारावर स्वतःच्या गाडीने जायचे हे डोक्यात घेतले होते, आणि जितकी उंच तितकी गाडी चांगली एवढीच माझी समज. आईला मात्र आत चढायला प्लास्टिकचे स्टूल लागे. ते गाडीतच ठेवलेले असायचे. "गाडी हाय का माळा?" असे ती दर वेळी विचारी.

शेवटी एका रविवारी अंगणात पोते अंथरून गाडीखाली शिरलो. वरून दिसणारी गाडी आणि खालून दिसणारी गाडी या दोन वेगळ्या गाड्या असतात. खाली सगळे एकाच रंगाचे, चिखल आणि ग्रीस यांच्या मधले काहीतरी. चेसिसचे दोन लांब गर्डर तेवढे ओळखू आले. त्यांना जोडणारे आडवे तुकडे म्हणजे क्रॉस मेंबर, हे वाचून माहीत होते. एकूण प्रकार शिडीचाच, म्हणून जरा धीर आला. मधल्या एका पायरीवर गिअरबॉक्सचा मागचा भार टेकलेला होता. त्या पायरीच्या डाव्या टोकाला, बोल्टच्या भोकापाशी, तांबूस रेघ दिसली. केसाएवढी. बोटाने पुसली, पुन्हा तिथेच. आजूबाजूचा गंज जुना, काळपट; ही रेघ मात्र ताजी, विटकरी. चिरेच्या दोन कडा एकमेकींवर घासत राहिल्या की असा बारीक गंज बाहेर येतो, हे मला नंतर कळले. त्या दिवशी एवढेच कळले की डबा निर्दोष होता.

मग मी जे केले ते कोणीही करेल. जवळच्याच एका वेल्डिंगवाल्याकडे गेलो. त्याने गाडीखाली सरकून, होता तसाच गंजावर एक चौकोनी पत्रा ठेवला, चारही बाजूंनी वेल्डिंग फिरवले आणि तीनशे रुपये घेतले. वीस मिनिटांचे काम. मी कौतुकाने शेजारी उकिडवा बसून पाहत होतो, काचेशिवाय. रात्री अकराला दोन्ही डोळ्यांत कुणी वाळू भरल्यासारखे झाले. वेल्डिंगच्या उजेडातले अतिनील किरण डोळ्याच्या पृष्ठभागाला पोळतात आणि दुखणे काही तासांनी सुरू होते, त्यामुळे त्या वेळी काही वाटत नाही. दोन दिवस रजा टाकून अंधाऱ्या खोलीत पडलो. हाताखालचे लोक काचेशिवाय बसतात म्हणून आपणही बसावे, असे कृपा करून कुणी समजू नये.

तीन आठवडे जीप गप्प होती. जुलैत मसाईला गेलो, धुके पाहिले, भिजलो. परतताना एका चरीतून चाक आदळले आणि खटक्.

या खेपेला एका सहकाऱ्याने मला उद्यमनगरात पाठवले. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात शेतीच्या ऑइल इंजिनांपासून ओतीव सुट्या भागांपर्यंत काय काय बनत आले आहे. त्या गल्ल्यांतून जाताना माझ्यासारख्याला आपले हात फार मऊ आहेत असे वाटते. तिथले मेस्त्री साठीचे. त्यांनी गाडी पिटावर घेतली, टॉर्च मारला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

"ह्यो पत्रा कुनी लावलाय?"

मी गाव सांगितले, नाव सांगितले नाही.

"पत्रा मजबूत हाय. त्येच्या कडंलाच तुटलंय बघा."

खरेच, जुनी चीर पत्र्याखाली झाकलेली आणि नवी चीर वेल्डिंगच्या कडेला समांतर, सरळ रेषेत. मला वाटले, वेल्डिंग कच्चे होते. मेस्त्री म्हणाले, वेल्डिंग नव्हे, जागा चुकली. क्रॉस मेंबर थोडा पिळवटतो, पिळवटायचाच असतो. मध्येच ताठ चौकोनी तुकडा बसवला की सगळा पीळ त्याच्या कडेवर येतो. त्यात आडवी सरळ शिवण म्हणजे फाडायला आखून दिलेली रेघच.

"आजच मारून द्याल का?" मी विचारले.

"मारायचं काम धा मिनिटाचं हाय, सर. त्येच्या आधीचं दोन दिवसाचं."

ते दोन दिवस मी रजा काढून तिथे बसलो. मदत म्हणून कमी, प्रायश्चित्त म्हणून जास्त. आधी बॅटरीची वायर सुटली. वेल्डिंगचा करंट भलत्या वाटेने गेला तर अल्टरनेटरचे डायोड जातात. डिझेलचा आणि ब्रेकचा पाइप बाजूला बांधला. चेसिस चार लोखंडी घोड्यांवर, गिअरबॉक्सखाली जॅक आणि मध्ये लाकडाचा ठोकळा. मग ओळंबा सोडून चेसिसच्या चार कोपऱ्यांच्या खुणा खडूने जमिनीवर उतरवल्या आणि दोन कर्ण सुतळीने मोजले. फरक तीन मिलिमीटर. मला तीन मिलिमीटर ऐकून घाम फुटला. मेस्त्रींनी मात्र "चालतंय" म्हणून खडू खिशात घातला. गर्डर वाकलेले असते तर पुढचे सगळे काम फुकट होते.

बोल्ट सोडले आणि क्रॉस मेंबर हातात आला तेव्हा त्याच्याबरोबर चार पाइपचे तुकडेही खाली पडले, प्रत्येकी दीडेक इंचाचे. हे काय, मला कळेना. मेस्त्रींना क्षणात कळले. गाडी उचलली की चाकांच्या आसाचे हाउसिंग खाली राहते आणि गिअरबॉक्स वर जातो. मधला प्रोपेलर शाफ्ट तिरका होतो, आणि आखूड जीपमध्ये मागचा शाफ्ट मुळातच आखूड, म्हणून तो फारच तिरका होतो. दोन टोकांच्या क्रॉस-जॉइंटचे कोन सारखे राहिले नाहीत तर शाफ्ट फिरताना दर फेऱ्यात दोनदा हिसका देतो. तो हिसका घालवायला पहिल्या मालकाने क्रॉस मेंबरच पाइप घालून खाली उतरवला होता. आता गिअरबॉक्सचा धक्का गर्डरला थेट न जाता दीड इंच लोंबणाऱ्या बोल्टांवर जाई, आणि बोल्ट भोकाला उचकटत राहत. डावे भोक गोल राहिलेच नव्हते, अंडाकृती झाले होते. खटका तिथलाच.

मला वाटत होते, गाडीला चीर पडली म्हणून आवाज येतो. आवाज आधीचा होता. चीर त्याच्या मागून आली.

पत्रा घासून काढला, पोलाद पांढरे होईपर्यंत ब्रश मारला. डोळ्याला चीर चाळीस मिलिमीटर दिसत होती. मग मेस्त्रींनी लाल रंगाचा स्प्रे मारला, दहा मिनिटे चहा प्यायला लावले, रंग पुसून टाकला आणि वरून पांढऱ्या भुकटीचा स्प्रे मारला. पाहता पाहता पांढऱ्यातून लाल रेघ झिरपू लागली. चाळीसच्या पुढे. पन्नास. सत्तरला थांबली, आणि एक फाटा बाजूला निघाला तो वेगळा. मी इतका वेळ गप्प बसलेला नव्हतो कधी. आधीच्या वेल्डिंगवाल्याला हे दिसणे शक्यच नव्हते, हेही तेव्हाच कबूल केले.

दोन्ही टोकांना, रेघेच्या जरा पुढे, चार मिलिमीटरची भोके पाडली. फाटलेल्या गोष्टीला आणखी भोक पाडतात हे मला पटेना. चिरेचे टोक अणकुचीदार असते, सगळा ताण तिथेच एकवटतो आणि चीर पुढे सरकते. गोल भोकात तो ताण पसरतो. मग ग्राइंडरने चिरेची पन्हळ केली, आरपार. माझ्या डोळ्यांदेखत सत्तर मिलिमीटरची केसाएवढी रेघ बोटभर रुंद खिंड झाली. दुरुस्ती करायला आलो होतो आणि वस्तू आणखी मोडत चालली होती.

रॉड मी स्वतः आणले होते, मोठ्या उत्साहाने. साधे ६०१३. मेस्त्रींनी पाकीट बाजूला ठेवले आणि गरम पेटीतून स्वतःचे ७०१८ काढले. या रॉडना ओल चालत नाही. ओलीतला हायड्रोजन सांध्यात शिरतो आणि गार झाल्यावर आतून तडा देतो. कोल्हापूरच्या जुलैत म्हणूनच ती पेटी. मला काळी काच दिली, ती मी मुकाट्याने धरली. आधी टाके, मग एक थर, स्लॅग ठोकून साफ, मग दुसरा, मग उलट्या बाजूने. खरेच दहा-बारा मिनिटे. वरून चार मिलिमीटरची पट्टी बसवली ती पतंगाच्या आकाराची, टोके निमुळती, म्हणजे एकाही जागी शिवण सरळ आडवी नाही. अंडाकृती भोक भरून पुन्हा पाडले. पुन्हा लाल, पुन्हा पांढरा. पांढरा पांढराच राहिला.

पाइपचे तुकडे मी पिशवीत भरत होतो, परत बसवायला. मेस्त्री म्हणाले, "ते ऱ्हावू द्या हितंच."

"मग शाफ्टचा कोन?"

"उंची कमी करा की. कुनासाठी उचललीय एवढी?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. असा बदल कायद्यातही बसत नाही, हे तिथेच आलेल्या एका गिऱ्हाइकाने ऐकवले. नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तसे बजावले आहे. मी नियमांची पुस्तके कपाटात लावून पगार घेतो. हे मला ग्रीसमध्ये उभे राहून ऐकावे लागले.

पाट्यांचे शॅकल मूळ मापापेक्षा चार इंच लांब होते. त्यांची उंची निम्मीच मिळते, कारण हाउसिंग पाट्याच्या मध्यावर असते आणि शॅकल एकाच टोकाला. ते काढून मूळ मापाचे लावले, म्हणजे दोन इंच गेले. उरलेले दोन वाढीव पाट्यांचे आहेत. तेही दिवाळीआधी उतरवायचे ठरले आहे. क्रॉस मेंबर पाइपांशिवाय, नव्या ८.८ च्या बोल्टांनी गर्डरला भिडवून आवळला. वर रेड ऑक्साइड आणि काळा रंग. एकूण बिल बेचाळीसशे, त्यात माझे ६०१३ धरलेले नाहीत.

डोंगरात आता पूर्वीपेक्षा जपून जावे लागते, आणि पूर्ण वळवले की पुढचे टायर मडगार्डला घासतात. प्लास्टिकचे स्टूल आईने गाडीतून काढून न्हाणीघरात नेऊन ठेवले.